संरक्षित सागरी प्राण्यांवरचं परवानाप्राप्त संशोधन आणि त्याचा अहवाल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

देवमासे, डॉल्फिन, सील, डुगाँग, समुद्री कासवं, व्हेल शार्क यांच्यापैकी कुणावरही संशोधन करायचं तर बहुतेक देशांत आधी परवाना लागतो. परवाना कसा मिळवायचा हे सगळे विचारतात. काम झाल्यावर द्यायच्या अहवालाबद्दलचे प्रश्न मात्र मुदत तोंडावर आली की सुरू होतात, आणि तोवर अर्ध्या गोष्टी विस्मरणात गेलेल्या असतात. म्हणून नेहमी विचारले जाणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. कायदा देशागणिक बदलतो. तुमच्या परवान्यावर जी अट छापली आहे ती पाळायची, आणि तिचा अर्थ लागत नसेल तर परवाना देणाऱ्या कार्यालयाला लेखी विचारायचं.

शोधनिबंध तर छापून येणारच आहे. मग वेगळा अहवाल कशासाठी?

दोघांचा विषय वेगळा आहे. शोधनिबंधात तुम्हाला काय कळलं ते येतं. अहवालात ते कळून घेताना प्राण्यांवर काय ओढवलं ते यावं लागतं. बारा कासवांवर ट्रान्समीटर बसवले आणि त्यातल्या आठांची माहिती वापरण्याजोगी निघाली, तर शोधनिबंध आठांबद्दल बोलतो. उरलेल्या चारांनाही तितकाच वेळ धरून ठेवलं होतं, त्यांच्याही कवचाला इपॉक्सी (टॅग घट्ट चिकटवणारं द्रव्य) लागलं होतं. त्यांची नोंद फक्त अहवालात राहते.

दुसरी गोष्ट कायद्याची. या प्राण्यांना हात लावणं मुळात गुन्हा आहे आणि परवाना म्हणजे त्या मनाईला दिलेला मर्यादित अपवाद. अमेरिकेत सागरी सस्तन प्राण्यांचा कायदा १९७२ चा आणि धोक्यातल्या प्रजातींचा १९७३ चा. भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ च्या कलम १२ खाली मुख्य वन्यजीव रक्षक संशोधनासाठी परवाना देतात, आणि अनुसूची १ मधल्या प्राण्यासाठी त्याआधी केंद्र सरकारची मान्यता लागते. न्यूझीलंडचा सागरी सस्तन प्राण्यांचा कायदा १९७८ चा, ब्रिटनचा वन्यजीव कायदा १९८१ चा, ऑस्ट्रेलियाचा पर्यावरण कायदा १९९९ चा. सगळीकडे तत्त्व एकच: मनाई सर्वांना, सूट मोजक्यांना. सूट मोजून दिलेली असेल तर ती किती वापरली याचा हिशेबही द्यावा लागतो.

अहवाल किती प्रकारचे असतात?

साधारण तीन. वार्षिक अहवाल: ठरलेल्या बारा महिन्यांत काय केलं. अंतिम अहवाल: परवान्याची मुदत संपल्यावर सगळ्या वर्षांचं मिळून, उद्दिष्टं कितपत साधली त्यासकट. आणि घटना अहवाल: काही अघटित घडलं, तर पुढच्या वार्षिक अहवालाची वाट न पाहता लगेच. काही परवान्यांत हंगाम सुरू होण्याआधी कळवण्याचीही अट असते, म्हणजे एकाच खाडीत एकाच आठवड्यात तीन पथकं त्याच डॉल्फिनांच्या मागे लागत नाहीत.

अहवालाचं वर्ष आणि कॅलेंडरचं वर्ष एकच असेल असं नाही. परवाना ज्या तारखेला लागू झाला तिथून पुष्कळदा बारा महिने मोजतात. ही तारीख परवान्याच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहून ठेवा.

नेमकं मोजायचं काय?

सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. नवा माणूस यशस्वी नमुने मोजतो. मोजायची असते ती बाधा, म्हणजे प्राण्याच्या वाट्याला आलेला प्रत्येक त्रास किंवा त्रासाची शक्यता.

अमेरिकी कायद्यात यासाठी 'टेक' हा शब्द आहे. सागरी सस्तन प्राण्याला सतावणं, त्याची शिकार करणं, त्याला पकडणं, मारणं आणि यातल्या कशाचाही प्रयत्न करणं, हे सगळं त्यात येतं. सतावण्याच्याही दोन पातळ्या १९९४ च्या दुरुस्तीने ठरवल्या. ज्यातून इजा होऊ शकते ती 'ए' पातळी. ज्यातून स्थलांतर, श्वास, पिल्लाला पाजणं, प्रजनन, खाणं किंवा आसरा घेणं यात खंड पडू शकतो ती 'बी' पातळी. भारतीय कायद्यात 'शिकार' या शब्दाची व्याख्या अशीच पसरट आहे. पकडणं, सापळा लावणं, शरीराचा कुठलाही भाग घेणं, आणि सरपटणाऱ्या प्राण्यांच्या बाबतीत अंड्यांना वा घरट्याला धक्का लावणं हेही तिच्यात मोडतं. म्हणजे कासवाच्या घरट्यातली वाळू उकरून अंडी मोजणं हे नुसतं निरीक्षण ठरत नाही.

व्यवहारात परवान्यासोबत एक तक्ता असतो: प्रजाती, कोणता समूह, नर की मादी, वय, किती प्राणी, एका प्राण्यावर वर्षात किती वेळा, कोणती पद्धत, कोणत्या प्रक्रिया. अहवालाचा तक्ता याच तक्त्याच्या ओळींशी जुळला पाहिजे. एका ओळीत मंजूर संख्या, तिच्याच समोर प्रत्यक्ष संख्या. स्वतःची नवी वर्गवारी करू नका. तुमच्या प्रबंधाला ती सोयीची असेल, पण तपासणाऱ्याला दोन तक्ते शेजारी ठेवून बघायचे असतात.

प्राण्यांची संख्या आणि वेळांची संख्या हे दोन वेगळे आकडे आहेत, एवढं पक्कं लक्षात ठेवा. दहा सील प्रत्येकी तीनदा पकडले तर प्राणी दहा आणि वेळा तीस. यातला एकच आकडा दिला तर अहवाल वाचणाऱ्याला एक तर त्रास कमी वाटतो, नाहीतर प्राणी जास्त वाटतात.

बायोप्सीचा डार्ट (कातडीचा छोटा नमुना घेणारा बाण) नेम चुकून पाण्यात पडला. तो मोजायचा का?

हो. प्राण्यापाशी बोट गेली, प्रयत्न झाला, बाधा झाली. डार्ट लागला आणि नमुना आला, डार्ट लागला पण नमुना आला नाही, डार्ट चुकला, असे तीन रकाने ठेवले की प्रश्नच उरत नाही. चुकलेल्या डार्टनेही देवमासा शेपूट आपटून बुडी मारू शकतो. चुकलेल्या प्रयत्नांचं प्रमाण पाहूनच कळतं की वीस नमुन्यांसाठी तीस प्राण्यांची परवानगी पुरेल की पन्नासांची लागेल. पुढचा अर्ज लिहिताना हा आकडा दुसरा कुणीही देऊ शकत नाही.

कळप असेल तर कसं मोजायचं?

ज्या प्राण्यावर प्रत्यक्ष काम झालं तो एक, आणि त्याच्यासोबत जे ठरलेल्या अंतराच्या आत होते ते सगळे वेगळ्या ओळीत. डॉल्फिनांच्या पाऊणशेच्या कळपात नेमकी संख्या सांगता येत नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे. तेव्हा कमीत कमी, जास्तीत जास्त आणि सर्वांत पटणारा, असे तीन अंदाज द्या आणि ते कुणी, कुठून मोजले ते लिहा. नुसतं 'अंदाजे ५०' लिहिलं की तो आकडा पुढे कुठल्याच गणितात वापरता येत नाही.

फोटोवरून ओळख पटत असेल तर फार मदत होते. पृष्ठपराच्या कडेच्या खाचा, कुबड्या देवमाशाच्या शेपटीखालचा पांढरा-काळा नकाशा, व्हेल शार्कच्या पाठीवरचे ठिपके, यांवरून तोच प्राणी पुन्हा भेटला का हे सांगता येतं. समुद्रावर असताना जो 'नवा' वाटला तो फोटो जुळवल्यावर तिसऱ्यांदा भेटलेला निघाला, तर अहवालात दुरुस्त आकडा द्यायचा आणि दुरुस्ती का झाली हे एका ओळीत सांगायचं.

पिल्लू सोबत असेल तर त्याची ओळ कधीही गाळू नका. बऱ्याच परवान्यांत पिल्लांना डार्ट वा टॅग (ओळख पटवण्यासाठी किंवा माग काढण्यासाठी अंगावर लावायचं साधन) लावायला मनाई असते आणि माय-लेकरांची ताटातूट होतेय असं दिसलं तर काम थांबवायची अट असते. थांबवलंत, तर तेही लिहा. 'सकाळी ९.४० ला पिल्लू दिसलं, पाठलाग सोडला' ही ओळ अट पाळल्याचा पुरावा आहे.

ड्रोन वरून उडवला, प्राण्याला हातही लावला नाही. तरी नोंद?

परवान्यात ड्रोन असेल तर नोंदही हवी. उंची, किती मिनिटं, किती फेऱ्या आणि प्राण्यांनी वर पाहिलं, दिशा बदलली की काहीच केलं नाही. खडकावर विसावलेल्या सीलचा अख्खा कळप ड्रोनमुळे पाण्यात पळू शकतो आणि त्या पळापळीत पिल्लं चिरडली जाऊ शकतात. पाण्याखालच्या देवमाशाला त्याच ड्रोनचं कदाचित काहीच वाटणार नाही. असा फरक नोंदींतूनच उमगतो, आणि त्याच नोंदींवर उद्या सुरक्षित उंची ठरते.

यंदा निधी आला नाही, काहीच काम झालं नाही. अहवाल द्यायचा?

द्यायचा. 'काम झालं नाही' असं लिहून, शून्य भरून, कारणासकट. कार्यालयाच्या दृष्टीने न आलेला अहवाल आणि शून्याचा अहवाल यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

काम करताना प्राणी जखमी झाला किंवा मेला तर?

आधी काम थांबवा. मग प्राण्याकडे बघा. त्यानंतर परवान्यात दिलेल्या मुदतीत फोन किंवा मेल करा. ही मुदत तासांची किंवा मोजक्या दिवसांची असते. लेखी घटना अहवाल त्यापाठोपाठ जातो. पुन्हा काम सुरू करायला बहुतेक वेळा कार्यालयाचा होकार लागतो.

घटना अहवालात काय हवं? घटनेचा क्रम, वेळेसकट. कोण हजर होतं. कुठलं साधन, त्याचा क्रमांक, ते कधी आणि कसं निर्जंतुक केलं होतं. भूल दिली असेल तर औषध, मात्रा, वेळ. प्राण्याची अवस्था आधी कशी होती, नंतर कशी. शवविच्छेदन झालं का, कुणी केलं. आणि शेवटी: असं पुन्हा घडू नये म्हणून तुम्ही काय बदलणार आहात.

हे इतकं बारकाईने का, याचं उदाहरण उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर घडलं. तिथल्या 'दक्षिणी निवासी' म्हटल्या जाणाऱ्या ऑर्कांची (किलर व्हेलची) संख्या शंभराच्याही खाली आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये त्यांच्यातल्या एल-९५ या वीस वर्षांच्या नराला समुद्र आणि हवामानाचं काम पाहणाऱ्या अमेरिकेच्या नोआ या सरकारी संस्थेच्या संशोधकांनी उपग्रह टॅग लावला. साधारण पाच आठवड्यांनी तो व्हँकूव्हर बेटाच्या पश्चिमेला मेलेला सापडला. पृष्ठपरात टॅगचे तुकडे राहिले होते. तज्ज्ञांच्या गटाने तपास केला. टॅगच्या जागेतून बुरशीचा संसर्ग शिरला असावा आणि मृत्यूला त्याचा हातभार लागला असावा, असा निष्कर्ष निघाला. तपासात एक बारीक गोष्ट पुढे आली. पहिला नेम चुकून तो टॅग समुद्रात पडला होता. तो उचलून अल्कोहोलने पुसला गेला, पण ठरलेल्या पद्धतीप्रमाणे ब्लीच वापरलं गेलं नाही, आणि दुसऱ्या प्रयत्नात तोच टॅग बसवला गेला. नोआने त्या ऑर्कांना टॅग लावणं थांबवलं आणि हे सगळं जाहीर केलं.

विचार करा, 'पहिला प्रयत्न चुकला' ही नोंद कुणी ठेवलीच नसती तर? टॅग लावला, प्राणी मेला, एवढंच उरलं असतं. चुकलेला नेम, पाण्यात पडलेला टॅग, पुसायला वापरलेलं द्रव्य, या तीन कोरड्या नोंदींमुळे पुढच्या पथकाला नेमकं काय टाळायचं ते कळलं. एका ऑर्काचा जीव गेला आणि तो परत येणार नाही. निदान तो कशाने गेला असेल ते लपून राहिलं नाही, याचं श्रेय त्या नोंदींना आहे.

टॅग लावलेला प्राणी महिन्यांनी किनाऱ्यावर मेलेला सापडला. आमचा संबंध नसेलही. कळवायचं का?

कळवायचं. संबंध आहे की नाही हे ठरवणं एकट्या तुमच्या हातात नाही, आणि नसावंही. टॅगची जागा, जखम भरली होती का, सूज, आजूबाजूच्या कातडीचा रंग, याचे जवळून फोटो मिळाले तर ते मोलाचे असतात. कुजण्याआधी शवविच्छेदन व्हावं म्हणून धावपळ करावी लागते. मृत्यू जाळ्यात अडकून वा जहाजाच्या धडकेने झाला असं निघालं, तर तीही माहिती संवर्धनाच्या कामाची.

टॅगचे संदेश बंद पडले. प्राणी मेला असं लिहू का?

मुळीच नको. संदेश थांबायला कारणं ढीगभर: बॅटरी संपली, अँटेना मोडली, टॅगवर शेवाळ आणि बार्नेकल (चिकटून वाढणारे कवचधारी जीव) चढले, टॅग गळून पडला. खाऱ्या पाण्याची जाणीव ठेवणारा स्विच झाकला गेला तर टॅगला आपण अजून पाण्याखालीच आहोत असं वाटत राहतं आणि तो प्रक्षेपण करत नाही. म्हणून 'अमुक तारखेनंतर संदेश नाही' असं लिहा, शेवटचं ठिकाण द्या, आणि शेवटच्या दिवसांत बॅटरीचा विद्युतदाब, बुडीची खोली, पृष्ठभागावरचा वेळ यात काही वेगळं दिसलं का ते सांगा. सतत पृष्ठभागावर राहून किनाऱ्याकडे सरकणारा टॅग एखाद्या बोटीवरही असू शकतो. तशी शंका आली तर अहवालाची वाट पाहू नका, लगेच कळवा.

'प्राण्याची प्रतिक्रिया' या रकान्यात सगळे 'किरकोळ' असं लिहितात. ते चालतं का?

चालतं, पण त्याचा कुणाला उपयोग होत नाही. मला विचाराल तर अख्ख्या अहवालातला हा सर्वांत मोलाचा रकाना आहे आणि सर्वांत घाईत भरला जाणारा.

एक नोंद अशी: 'प्रतिक्रिया किरकोळ. प्राणी सुस्थितीत सोडला.'

दुसरी अशी: 'मोठी मादी हिरवी कासव. पाण्याबाहेर ३४ मिनिटं. डोळ्यांवर ओला कपडा टाकल्यावर परांची फडफड थांबली. डाव्या पुढच्या पराला धातूचा टॅग लावताना एक जोरदार झटका, टोचल्या जागी दोन-तीन थेंब रक्त, दाबल्यावर थांबलं. सोडल्यावर सरळ पोहत गेली, पहिला श्वास सुमारे वीस मीटरवर घेतला.'

दुसरी नोंद लिहायला दोन मिनिटं जास्त लागली. तिच्यातून पुढच्या माणसाला डोळे झाकण्याचा फायदा कळतो, रक्त किती येतं ते कळतं, आणि पाण्याबाहेर किती वेळ काढला याचा आकडा मिळतो. अशा दोनशे नोंदी जमल्या की पाण्याबाहेरची कमाल वेळ किती असावी हे अंदाजाने नव्हे, आधाराने ठरवता येतं.

शब्द आधीच ठरवून घ्या. बायोप्सीसाठी उदाहरणार्थ: काहीच नाही; अंग किंचित आखडलं; शेपूट झटकली वा लगेच बुडी; उडी, वारंवार शेपूट आपटणं वा कळप सोडून पळ. सगळ्या पथकाने तेच चार टप्पे वापरले तर आकडे एकमेकांशी ताडता येतात. पूर्ववत व्हायला किती वेळ लागला हेही लिहा. पाच मिनिटांत पुन्हा खायला लागला, की बोट निघेपर्यंत आलाच नाही?

लगेच दिसणारा परिणाम नसेल तर विषय संपला ना?

नाही. राजा पेंग्विनांच्या पंखांवर ओळखीसाठी धातूच्या पट्ट्या बसवण्याची पद्धत कित्येक वर्षं बिनघोर मानली गेली. दक्षिण हिंदी महासागरातल्या क्रोझे बेटांवर दहा वर्षं पट्टीवाले आणि बिनपट्टीचे पक्षी शेजारी-शेजारी अभ्यासले गेले. २०११ मध्ये निकाल छापून आला: पट्टीवाल्यांचा जगण्याचा दर १६ टक्क्यांनी कमी आणि पिल्लं ३९ टक्क्यांनी कमी. पट्टी लावताना त्यांच्यात काहीच वावगं दिसलं नव्हतं. म्हणून टॅग लावलेला प्राणी पुढे केव्हाही दिसला, तुम्हाला किंवा दुसऱ्या पथकाला, तर जखमेची अवस्था, अंगकाठी, सोबत पिल्लू आहे का, हे अहवालात 'पाठपुरावा' म्हणून द्या. काही परवान्यांत ही अटच असते. नसली तरी द्या.

समुद्री कासवांत ही साखळी फार जुनी आहे. कोस्टा रिकातल्या तोर्तुगेरो किनाऱ्यावर १९५५ पासून माद्यांना टॅग लावले जात आहेत. परावरचा धातूचा टॅग वर्षानुवर्षांत झिजतो, गळतो. म्हणून हल्ली त्याच्या जोडीला कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढा पिट टॅग (यंत्राने वाचता येणारा क्रमांक असलेली चिप) बसवतात. जुन्या टॅगची फक्त खूण उरली असेल तर तीही नोंदवा, नाहीतर तीच मादी नवी म्हणून मोजली जाईल.

परवान्यात नसलेली प्रजाती जाळ्यात आली. काय करू?

सुखरूप सोडा, नोंद करा, कळवा. 'मिळालीच आहे तर नमुना घेऊन टाकू' असं करू नका. कितीही दुर्मीळ प्राणी असला तरी. त्या प्रजातीसाठी तुमच्याकडे परवाना नाही.

मंजूर संख्या ओलांडली गेली तर लपवावी लागेल का?

लपवू नका. ओलांडल्याचं लक्षात आलं त्या क्षणी त्या प्रकारचं काम थांबवा आणि कळवा. कसं घडलं ते सांगा: दोन बोटींची बेरीज रात्री झाली नाही, कळप अंदाजापेक्षा मोठा निघाला, फोटो जुळवायला उशीर झाला. उपायही सांगा. मग परवान्यात दुरुस्ती होऊ शकते. नंतर डेटाशीटवरून उघडकीस आलं तर मात्र परवाना निलंबित होण्यापर्यंत वेळ येते, आणि त्याची झळ तुमच्या विद्यार्थ्यांना बसते.

संख्या ८० टक्क्यांवर पोचली की पथकातल्या सगळ्यांना कळेल अशी सोय ठेवा. बेरीज रोज संध्याकाळी, बोट किनाऱ्याला लागल्यावर, कपडे बदलायच्या आधी.

नमुन्यांचं काय लिहायचं?

प्रत्येक नमुना कुठे आहे ते. कुठल्या प्राण्याचा, काय (त्वचा, चरबी, रक्त, श्वासातला फवारा), किती, कुठल्या फ्रीजरमध्ये, कुठल्या प्रयोगशाळेला पाठवला, उरलेला परत आला की संपला. देशाची सीमा ओलांडणार असेल तर साइट्सची, म्हणजे धोक्यातल्या प्रजातींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराची, कागदपत्रं लागतात. हा करार १ जुलै १९७५ पासून लागू आहे आणि सगळी समुद्री कासवं त्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत. कातडीचा कण कितीही छोटा असो, तो त्या प्राण्याचा भागच धरला जातो. नोंदणीकृत वैज्ञानिक संस्थांच्या आपसांतल्या बिगरव्यापारी देवाणघेवाणीला करारात सवलत आहे, पण दोन्ही संस्था खरोखर नोंदलेल्या आहेत का हे पार्सल निघण्याआधी तपासा. परवाना संपला म्हणून नमुन्याची जबाबदारी संपत नाही.

बोटीवर सहसंशोधक, विद्यार्थी, चित्रीकरण करणारे असे अनेक असतात. अहवाल कुणाच्या नावावर?

परवानाधारकाच्या. काम कुणीही केलं तरी उत्तरदायी तोच. कोणती प्रक्रिया कुणी केली हे मात्र नावानिशी असावं, कारण बायोप्सीची किंवा रक्त काढण्याची मुभा ठरावीक माणसांनाच असते. शिकाऊने कुणाच्या देखरेखीखाली केलं तेही लिहा. चित्रीकरण झालं असेल तर त्यासाठी बोट जास्त वेळ थांबली का, जास्त जवळ गेली का, हे स्वतंत्र सांगा. चित्रपटासाठी घेतलेली जास्तीची फेरी संशोधनाच्या खात्यात घालणं बरोबर नाही.

एकाच प्राण्यासाठी दोन खात्यांना अहवाल का द्यावा लागतो?

कारण प्राणी खाती बघून पोहत नाही. अमेरिकेत समुद्री कासव पाण्यात असेतो नोआच्या अखत्यारीत आणि अंडी घालायला वाळूवर आलं की मत्स्य व वन्यजीव सेवेच्या. मॅनेटी, वॉलरस, समुद्री ऊद आणि ध्रुवीय अस्वल हेही त्या सेवेकडेच. कासवाला किनाऱ्यावर टॅग लावून पुढे पाण्यात त्याचा अभ्यास करणाऱ्याला दोन्हीकडे जावं लागतं. मूळ डेटाशीट एकच ठेवा आणि दोन्ही अहवाल त्यातूनच काढा. वेगवेगळ्या माणसांनी वेगवेगळ्या वहीतून लिहिले की आकडे जुळत नाहीत.

अहवाल लोकांना बघायला मिळतो का? घरट्यांच्या जागा उघड झाल्या तर?

बऱ्याच देशांत माहितीच्या कायद्याखाली तो मागता येतो, आणि ते योग्यच आहे. हे प्राणी कुणाच्या खासगी मालकीचे नाहीत. जागेबद्दलची काळजी मात्र रास्त आहे. अंडी पळवणारे आणि गर्दी करणारे दोघेही अशी माहिती शोधत असतात. उपाय असा: कार्यालयाला नेमके अक्षांश-रेखांश वेगळ्या जोडपत्रात द्या, त्यावर 'संवेदनशील' असं लिहा, आणि मुख्य अहवालात फक्त परिसर सांगा. कार्यालयापासूनच जागा लपवणं हा पर्याय नाही.

हे सगळे अहवाल कुणी वाचतं तरी का?

तुमचा पुढचा अर्ज ज्याच्या टेबलावर जातो तो वाचतो. पण खरा उपयोग त्याहून मोठा आहे. एकाच समूहावर पाच पथकं काम करत असतील तर प्रत्येकाला आपला वाटा छोटाच वाटतो. त्या समूहातल्या एका मादीला वर्षभरात एकूण किती बोटींनी गाठलं, किती डार्ट लागले, हे फक्त पाचही अहवाल एकत्र ठेवल्यावर दिसतं. उत्तर अटलांटिकच्या राइट व्हेलसारख्या प्रजातीत जेमतेम काहीशे प्राणी उरले आहेत. तिथे ही बेरीज कुणीतरी करायलाच हवी, आणि एका जरी पथकाने आकडे गोलमाल दिले तरी ती चुकते.

नोंदी समुद्रावर नीट राहाव्यात म्हणून काय करावं?

जलरोधक कागद आणि पेन्सिल. टॅब्लेट वापरा, पण कागद सोडू नका. नेम धरणारा आणि लिहिणारा एकच माणूस नसावा. डार्ट सुटल्यानंतरचे दहा सेकंद प्राण्याकडे बघायला एक डोळा मोकळा हवाच. वेळ स्थानिक की यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) हे प्रत्येक पानाच्या डोक्यावर लिहा. अक्षांश-रेखांश दशांशात की मिनिट-सेकंदात, हे हंगामाच्या पहिल्या दिवशी ठरवा आणि मध्येच बदलू नका. कॅमेऱ्याचं घड्याळ रोज सकाळी जीपीएसशी जुळवा. खाडाखोड करायची झाली तर एक रेघ मारून शेजारी सही करा, मूळ आकडा वाचता आला पाहिजे.

मुदतीत अहवाल देणं जमत नाहीये. आता?

मुदत उलटण्याआधी लेखी कळवा आणि किती दिवस हवेत ते सांगा. प्रयोगशाळेचे निकाल आले नाहीत हे अहवाल अडवून ठेवायचं कारण होत नाही. अहवालाला डीएनएचे निकाल लागत नाहीत, कुठल्या प्राण्यावर काय केलं ते लागतं, आणि ते तुमच्या डेटाशीटवर त्या दिवसापासूनच आहे. तेवढं वेळेत द्या. निकाल आले की पुरवणी जोडता येते.